सायलेन्सरच्या पाइपची आतली बाजू

माझ्या पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर पाइप यंदाच्या पावसाळ्यानंतर मफलरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, अलीकडे इतका कुजलेला निघाला, की पान्याचे टोक लावताच भोक पडले. रत्नागिरीचा खारा वारा बाहेरून पत्रा खातो हे खरेच. पण बाजारापुरत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, धुरातल्या वाफेचे पाणी होऊन आतच साचते आणि गंज मुख्यतः तिथूनच सुरू होतो. म्हणून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मफलर यांना हात न लावता मधला साठ सेंटिमीटरचा तुकडा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये घरीच बनवायचे मी ठरवले. रेलिंगसाठी मिळणारा पाइप पुष्कळदा २०२ ग्रेडचा असतो. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेला हा प्रकार गंजापुढे कमी टिकतो, पण दिसायला तितकाच चकचकीत असतो आणि लोहचुंबकाने दोघांतला फरक कळत नाही. तेव्हा दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या सोसून मी टेस्ट सर्टिफिकेट मागितले आणि दोन इंची, दीड मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला.

आर्गन वेल्डिंगचा सराव मला होता, तोही लोखंडावरचा. ४५ अँपिअर करंट, ठिणगी देणारी १.६ मिलिमीटरची टंगस्टनची कांडी, जोडात वितळवून भरायची ३०८एल ग्रेडची फिलर रॉड आणि मिनिटाला आठ लिटर गॅस, एवढ्या तयारीवर मारलेला पहिला जोड बाहेरून सोनेरी आला आणि मी खूश झालो. नंतर सहज पाइपात बोट घातले, तर आत खरखरीत लागले. करवतीने जोड उभा चिरला तेव्हा आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखे काळे, भुसभुशीत दाणे दिसले. बाहेरून आर्गनचे पांघरूण होते. आतल्या वितळलेल्या धातूला मात्र मोकळी हवा लागली होती आणि त्यातला क्रोमियम ऑक्सिजनने खाल्ला होता. गंज रोखणाऱ्या ज्या क्रोमियमसाठी जास्त पैसे मोजले, तोच जोडावर उरला नाही. वर असा जोड थरथरीने तडकतो, आणि सायलेन्सरला थरथर तर कायमचीच.

दुसऱ्या खेपेला पाइपची दोन्ही तोंडे ॲल्युमिनियम फॉइल आणि चिकटपट्टीने बंद केली, पाइप तिरका ठेवला आणि आर्गन हवेपेक्षा जड असल्यामुळे खालच्या तोंडातून नळीने गॅस सोडून वरच्या फॉइलला हवा निघण्यापुरते छिद्र ठेवले. पाइपात मावते साधारण एक लिटर हवा. मिनिटाला पाच लिटरने दोन मिनिटे गॅस सोडल्यावरच आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, पेटवला. त्याआधी जोडाची फट कानशीने इतकी जुळवली होती, की आत विजेरी धरली तरी प्रकाश बाहेर येईना. स्टेनलेस लोखंडापेक्षा दीडपट प्रसरण पावते आणि उष्णता एका जागी धरून ठेवते, म्हणून समोरासमोर चार टाके (ठिपक्याएवढे तात्पुरते जोड) मारून पाव-पाव घेर आलटून पालटून भरला. पंखा बंद, समुद्राकडचे दार बंद, मागचे दार मात्र उघडे. कारण वाऱ्याने आर्गन उडतो, तर क्रोमियमचा धूर कोंडू देणे छातीला घातक. पाइप पुसायला ॲसिटोन वापरले आणि ते पूर्ण वाळू दिले. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा ओलावा राहिला, तर आर्कखाली त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पाइपच्या टोकाची फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची चकती, साध्या लोखंडाची होती, तिथे स्टेनलेस आणि लोखंड जोडणारी ३०९एल रॉड वापरली. गाडीखाली, बॅटरीची तार काढून, फक्त टाके मारले. बाकी सगळे काम टेबलावर केले. पाइप बसवल्यावर मागच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी सोडले. माझे दोन्ही जोड कोरडे राहिले; बुडबुडे आले ते फ्लँजमधली फट बंद करणाऱ्या जुन्या गॅस्केटवर, जे वाचवायचे म्हणून मी परत बसवले होते.