७३क्ष + ३१य = १००० : वहीतला पुढचा टप्पा

मसाविची चाळणी मागच्या नोंदीत उरकली होती. ६क्ष + १५य = १०० ला पूर्णांकात उत्तर नाही, कारण डाव्या बाजूला ३ ने भाग जाणारच आणि १०० ला जात नाही. विषय संपला. या खेपेला ७३ आणि ३१ अशी जोडी घेतली. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे मसावि १ आणि पूर्णांक उत्तरं हवी तितकी. मला मात्र क्ष आणि य दोन्ही शून्य किंवा धन हवे आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी उजवीकडे १ ठेवून सोडवलं, म्हणजे जुन्या परिभाषेत स्थिरकुट्टक. भागाकार करत गेलं की ७३ = २×३१ + ११, ३१ = २×११ + ९, ११ = १×९ + २, ९ = ४×२ + १. भागाकार आले २, २, १, ४. ते एकाखाली एक लिहायचे, तळाशी १ आणि ०, आणि खालून वर चढत जायचं: ४×१ + ० = ४, १×४ + १ = ५, २×५ + ४ = १४, २×१४ + ५ = ३३. वल्लीच्या, म्हणजे या उभ्या रांगेच्या, टोकाला ३३ आणि १४ मिळाले. ३१×३३ = १०२३, ७३×१४ = १०२२. फरक बरोबर १.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ही रीत दोन श्लोकांत बसवली आहे. त्याला गरज होती ग्रहगणिताची: ग्रहाची स्थिती ठाऊक असताना गेलेले दिवस काढायचे, आणि तिथले आकडे असे अगडबंब की अंदाजपंचे काही जमणार नाही. माझे आकडे त्यापुढे किरकोळ, पण वल्ली तीच.

आता १००० ने गुणलं: क्ष = −१४००० + ३१त, य = ३३००० − ७३त, त हा कोणताही पूर्णांक. दोन्ही ऋण नकोत, तर त ४५१.६१ आणि ४५२.०५ यांच्यामध्ये हवा. त्या फटीत ४५२ हा एकच पूर्णांक बसतो. क्ष = १२, य = ४. ताळा: ८७६ + १२४ = १०००.

एकच उत्तर आलं म्हणून शेजारच्या संख्या तपासल्या. ९९९ साठी फट ४५१.१६ ते ४५१.६०, आत पूर्णांक नाही. १००१ साठी ४५२.०६ ते ४५२.५१, तिथेही नाही. फटीची रुंदी दर वेळी उजवी बाजू भागिले ७३×३१, म्हणजे १००० ला साधारण ०.४४. उजवी बाजू एकेक वाढवली की फट संख्यारेषेवर सरकते, रुंदी मात्र जेमतेम बदलते. पूर्णांक सापडला तर सापडला! उजवी बाजू २२६३ च्या खाली असेल तर उत्तर एक किंवा शून्य, २२६३ पासून पुढे निदान एक तरी नक्की.

दर वेळी एवढं गुणत बसायचा कंटाळा येतो. −१४ मध्ये ३१ मिळवले की १७. म्हणून उजव्या बाजूला १७ ने गुणा, ३१ ने भागा, बाकी म्हणजे क्ष. १७००० ला ३१ ने भागलं की बाकी १२, हाच तो क्ष. मग ७३क्ष उजव्या बाजूत मावतो का एवढंच बघायचं. ९९९ ला बाकी २६ येते, ७३×२६ = १८९८, मावत नाही. दोन ओळींत निकाल.

या युक्तीने यादी करत गेलो तर जमणाऱ्या (म्हणजे उजवीकडे ठेवल्यावर शून्य किंवा धन उत्तर असणाऱ्या) आणि न जमणाऱ्या संख्या एकमेकींचं प्रतिबिंब निघाल्या. बेरीज २१५९ होणारी कोणतीही जोडी घ्या, एक जमते, दुसरी नाही. १००० जमते, ११५९ नाही. ९९९ नाही, पण ११६० = ७३×४ + ३१×२८. कारण इतकं छोटं आहे की वहीच्या समासात मावलं: क्ष ० ते ३० मध्ये ठेवला तर प्रत्येक संख्येला एकच क्ष-य जोडी मिळते. क्ष च्या जागी ३० − क्ष आणि य च्या जागी −१ − य घातलं की बेरीज २१५९ मधून वजा होते. य धन किंवा शून्य असेल तर −१ − य ऋणच. म्हणून ० ते २१५९ मधल्या नेमक्या निम्म्या, म्हणजे १०८०, संख्या जमत नाहीत, आणि शेवटची न जमणारी २१५९. सूत्रही तेच: गुणाकारातून दोन्ही संख्या वजा. कुठल्याही सहमूळ जोडीवर करून बघा.

पुढे तिसरं चल आणलंय: ७३क्ष + ३१य + १९ज्ञ = १०००. ज्ञ ठरवला की उरतं जुनंच समीकरण. ज्ञ = १ ला ९८१ उरतात, जमत नाही. ज्ञ = २ ला ९६२, तेही नाही. ज्ञ = ३ ला ९४३ = ७३×४ + ३१×२१. ज्ञ ५२ पर्यंत जाऊ शकतो, तेव्हा उरलेली यादी चालू आहे.