कवितेतला संघर्ष ओळखताना

नववीच्या वर्गात कवितेतील संघर्षाचे प्रकार पहिल्यांदा शिकवले, तेव्हा मी फळ्यावर चार रकाने आखले होते : व्यक्ती विरुद्ध व्यक्ती, व्यक्ती विरुद्ध समाज, व्यक्ती विरुद्ध निसर्ग आणि व्यक्तीचा स्वतःशी झगडा. हे रकाने खरे तर कथा-नाटकांच्या मापाचे आहेत. कवितेत बहुधा एकच आवाज ऐकू येतो, समोरचा माणूस दिसत नाही आणि घटना पुष्कळदा कविता सुरू होण्याआधीच घडून गेलेली असते. तरीही मुलांनी रकाने पटापट भरले. केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’ वाचल्याबरोबर तर सगळा वर्ग ‘समाज, समाज’ म्हणून ओरडला आणि ते उत्तर बरोबरही होते. धडा जमला असे मला वाटले. तो जमला नव्हता, हे कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ने दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले.

पुरात घर गमावलेला एक जुना विद्यार्थी भर पावसात आपल्या सरांकडे येतो, एवढाच त्या कवितेतला प्रसंग आहे. वर्गाने एकमुखाने ‘निसर्ग’ हा रकाना सांगितला आणि वह्या मिटायला सुरुवात केली. मी विचारले, की हा माणूस नदीचे नाव कसे घेतो? मुलांनी पुन्हा कविता पाहिली. तो तिला ‘गंगामाई’ म्हणतो, ‘पाहुणी’ म्हणतो, ती माहेरवाशिणीसारखी घरात नाचली असे सांगतो आणि डोळ्यांत उरलेल्या पाण्याला तिचा प्रसाद म्हणतो. वैऱ्याला कोणी माहेरवाशीण म्हणत नाही. भिंत खचली, चूल विझली, तरी या माणसाच्या बोलण्यात नदीवरचा राग कुठेच सापडत नाही. मग संघर्ष आहे तरी कुठे, हा प्रश्न त्या तासाला पहिल्यांदा खरा प्रश्न झाला.

उत्तर सापडले ते सरांच्या खिशापाशी. सर ऐकता ऐकता खिशाकडे हात नेतात आणि त्याच क्षणी तो हसत हसत उठतो. या एका हालचालीवर आम्ही उरलेला सगळा तास घालवला. सरांच्या मनात माया आहे, त्याच्या मनात मान आहे, आणि पैसे पुढे आले तर दोघांचे नातेच बदलेल, हे त्याला सरांच्या आधी कळले आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कवितेच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असते, ती म्हणाली, “बाई, सरांचं काही चुकलं नाही, तरी त्याला उठावं लागलं.” कोणत्याही गाईडमध्ये न मिळणारे हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि तेव्हापासून प्रकाराचे नाव सर्वांत शेवटी विचारू लागले. आधी विचारते, की कोणाला काय हवे आहे, त्याच्या आड काय येते आणि हे नेमक्या कोणत्या शब्दात दिसते.

तिसऱ्या प्रश्नाशी मुले अडखळतात, म्हणून मी त्यांना पण, परी, तरी, मात्र हे बारके शब्द पेन्सिलीने गोल करायला लावते. व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केलेले हे शब्द कवितेत सांध्यासारखे असतात, कारण दोन विरोधी गोष्टी तिथेच एकमेकींना भिडतात. चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंग यासाठी फार उपयोगी पडतो. (डोंगा म्हणजे वाकडा, मुलांना आधी होडी आठवते आणि उसाच्या होडीवर पाच मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत.) नुसते शब्द पाहिले तर ही ओळ एखाद्या म्हणीसारखी वाटते. पण चोखोबांना जातीमुळे देवळात प्रवेश नव्हता आणि पंढरपुरात त्यांची समाधीही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे मंदिराबाहेरच आहे, हे सांगितले की त्या ‘परी’चे वजन बदलते. वर्गात वारीला जाऊन आलेली दोन-तीन मुले असतातच. ती समाधी त्यांनी पाहिलेली असते, मात्र अभंगाशी तिची सांगड घातलेली नसते. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हे चोखोबा कोणाला विचारत असावेत, यावर मग वर्गात उघड मतभेद होतो आणि मी तो मिटवत नाही.

सावरकरांच्या ‘सागरा प्राण तळमळला’मध्ये मुले हमखास फसतात, कारण कवी समुद्राशीच भांडत असतो. तो त्याला निर्दय म्हणतो, वचन मोडल्याचा ठपका ठेवतो आणि शेवटी एका आचमनात समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तींची धमकीही देतो. पण कविता १९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली आहे, आणि तू आंग्लभूमीला भ्यालास का, असे कवी समुद्राला विचारतो तिथे खरा प्रतिपक्ष उघडा पडतो. ज्याच्याशी भांडण चालले आहे आणि ज्याच्याविरुद्ध ते आहे, हे दोघे वेगळे असू शकतात, ही गोष्ट मुलांना या कवितेइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

अंतर्गत संघर्षासाठी मी बहिणाबाई घेते. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही ओळ वाचून शहरातून आलेली मुले ‘मनावर ताबा हवा’ असे लिहून मोकळी होतात. शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा मात्र म्हणाला, की ढोराला पिकाचा राग नसतो, त्याला हिरवे दिसते म्हणून ते जाते, आणि हाकणाराही त्याला मारून टाकत नाही, कारण संध्याकाळी दोघांना एकाच घरी जायचे असते. त्यानंतर मनाशी चाललेल्या झगड्याला ‘शत्रुत्व’ म्हणणे आमच्या वर्गात बंद झाले. तुकोबांच्या ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’मध्ये तर जग आणि मन एकाच ओळीत येतात. तो अभंग कोणत्या रकान्यात लिहायचा असे कोणी विचारले, की मी फळ्यावरची मधली रेघ पुसून टाकते.

या पद्धतीची एक खोड मला माहीत आहे. संघर्ष शोधण्याची सवय लागली की मुलांना तो सगळीकडे दिसू लागतो, आणि कृतिपत्रिकेत रसग्रहण लिहितानाही ती शांत कवितेच्या अंगावर भांडण लादतात. म्हणून सत्राच्या शेवटी मी बालकवींची आठ ओळींची ‘औदुंबर’ मुद्दाम देते आणि ‘इथे संघर्ष नाही’ हेही उत्तर चालेल असे बजावते. गेल्या वर्षी एका मुलाने तरीही ‘निसर्ग विरुद्ध निसर्ग’ असे ठोकून दिले होते. मी लाल पेन उचललेच होते, तेवढ्यात त्याने अधोरेखित केलेले दोन शब्द दिसले : ‘गोड काळिमा’. खाली त्याने लिहिले होते, “काळिमा गोड कसा, हे कळत नाही, पण वाचताना तो गोडच वाटतो.” प्रकाराचे नाव तेवढे खोडून मी त्याला पूर्ण गुण दिले.