मेसनने पाणबुडी बुडवली होती का?

दुसऱ्या महायुद्धातल्या नौदल वैमानिकांविषयी बोलायला लागलं की डोनाल्ड मेसनचं नाव निघतंच, आणि त्यामागोमाग हा प्रश्न: "पाणबुडी बुडालीच नव्हती, मग पदक कशाचं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

२८ जानेवारी १९४२. अमेरिका युद्धात उतरून दोन महिनेही झाले नव्हते. अमेरिकन नौदलाच्या व्हीपी-८२ तुकडीतला मेसन हडसन विमानातून कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ गस्तीवर होता. तो अधिकारी नव्हता. इंजिनं सांभाळणाऱ्या शाखेतून वैमानिक झालेला साधा नाविक. त्याला पेरिस्कोप, म्हणजे पाणबुडीतून वर बघायची नळी, दिसला, त्याने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले, पाण्यावर तेल आलं. 'पाणबुडी दिसली, बुडवली' हा त्याच्या नावावरचा संदेश अमेरिकाभर गाजला. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळालं. युद्ध संपल्यावर कळलं, ती पाणबुडी बुडालीच नव्हती.

म्हणून त्याला खोटारडा म्हणायचं? मला हे अजिबात पटत नाही. त्याच्या जागी बसून बघा. तासन्‌तास नुसतं राखाडी पाणी, आणि प्रत्येक लाटेचा फेस संशयाचा. पेरिस्कोप म्हणजे पाण्याबाहेर आलेला मनगटाएवढा दांडा. त्याच्यामागे उठणारी पांढरी रेघ हीच काय ती खूण. डेप्थ चार्ज पाण्याच्या दाबाने ठरलेल्या खोलीवर फुटतो. अगदी लगत फुटला तरच पोलादी कवच फाटतं. जरा लांब फुटला तर तेलाची टाकी गळू लागते आणि पाणबुडी निसटते. वरून मात्र दोन्ही वेळा तोच तवंग दिसतो.

आणि पुढचं कुणी विचारतच नाही. त्याच वर्षी १५ मार्चला याच मेसनने यू-५०३ ही जर्मन पाणबुडी खरोखर बुडवली. तिच्यावरचे ५१ च्या ५१ जण गेले. १ मार्चला त्याच्याच तुकडीतल्या विल्यम टेप्युनीने यू-६५६ बुडवली होती. त्या युद्धात अमेरिकनांनी बुडवलेली ती पहिली जर्मन पाणबुडी.

तरी माझ्या मते बुडवलेल्या पाणबुड्या मोजून गस्तीचं मोल कळत नाही. यू-५०३ सारखी पाणबुडी पाण्यावर १८ नॉटने (तासाला १८ सागरी मैल) धावायची; पाण्याखाली जेमतेम ७, आणि तेही बॅटरी टिकेल तेवढाच वेळ. डोक्यावर विमान दिसलं की तिला बुडी मारावीच लागे. तेवढ्यात व्यापारी जहाजांचा ताफा पुढे निघून जाई. विमानातल्यांना ती दिसलेलीही नसे. तळावर परतून ते सांगत, काही दिसलं नाही.