ग्रुप असताना कुटुंबाचे पत्र कशाला?

लग्नाच्या मांडवात, बारशाला, अगदी दवाखान्याच्या बाकावर बसले असतानासुद्धा आमच्या कुटुंबाच्या पत्राचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, कुटुंबाचा ग्रुप आहे, घरात काही घडले की ते मिनिटाभरात मेलबर्नला आणि डॅलसला कळते. मग दर तीन महिन्यांनी चार पानांचे पत्र तयार करून घरोघर पाठवण्याचा खटाटोप कशासाठी? विचारणारे बहुतेक आपलेपणानेच विचारतात, त्यामुळे एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे मनात होते. ते आज लिहिते आहे.

माझे सासर गुहागर तालुक्यातले. गावच्या घरी आता धाकटे भाऊजी आणि जाऊबाई असतात. बाकीचे घराणे दोन-तीन पिढ्यांत पोटापाण्यासाठी पांगले. एक चुलत घर होळकरांच्या अमदानीत इंदूरला गेले, दुसरे गायकवाडांच्या बडोद्यात शाळामास्तरकीच्या नोकरीवर गेले आणि तिथलेच झाले. एक बेळगावात स्थिरावले, दोन-तीन बिऱ्हाडे ठाणे-डोंबिवलीत आहेत आणि आताची मुले दुबई, मेलबर्न, डॅलस अशी लांब गेली आहेत. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा यांतल्या निम्म्या माणसांना मी पाहिलेलेही नव्हते. तरीही इंदूरच्या आतेसासूबाईंना दम्याचा त्रास आहे, बडोद्याच्या घरी उंधियू आणि पुरणपोळी एकाच दिवशी होते आणि बेळगावच्या काकांना ओरडून बोललेले खपत नाही, हे मला त्यांना भेटण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

ते कळले तारेला लावलेल्या पत्रांतून. पडवीत खुंटीला एक आकड्याची तार टांगलेली असे आणि घरात आलेले प्रत्येक कार्ड वाचून झाले की त्या तारेत ओवले जाई. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आले, निळे आंतरदेशीय पत्र १९५० साली. आमच्या तारेवर कार्डेच जास्त होती, कारण ती स्वस्त. दुपारची झाकपाक उरकली की सासूबाई कार्ड घेऊन बसत. कार्डाची जागा ती केवढी, पण त्या मुख्य मजकूर संपवून समासात उभ्या ओळी लिहीत आणि पत्त्याच्या बाजूलाही उरलेली जागा मोकळी सोडत नसत. ‘इकडील सर्व क्षेम, आपणांकडील क्षेम कळवावे’ एवढे झाले की थेट विषयाला हात: विहिरीचे पाणी दोन पायऱ्या खाली गेले, मोहर बरा आहे पण तुडतुडा पडेल अशी भीती वाटते, कपिला व्याली, कालवड झाली, धाकट्याला गोवर येऊन गेला, जाताना विसरलेला तांब्या आमच्याकडे आहे, काळजी करू नये. उत्तरेही अशीच येत. त्या तारेवर लग्नामुंजींची कार्डे होती, पण थोडी. बाकी सगळा रोजच्या जगण्याचा मजकूर. मृत्यूचे कार्ड मात्र तारेला कधी लागत नसे. त्याच्या माथ्यावर ‘श्री’ नसे, त्यावरूनच हातात घेताक्षणी कळे, आणि वाचून झाले की ते फाडून टाकत.

त्या काळी बातमी कळवणे हा हौसेचा भाग नव्हता, ती जबाबदारी होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. भाऊबंदांत मूल जन्मले तर सोयर, कोणी गेले तर सुतक, आणि ते दूर राहणाऱ्यांनाही लागू. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळायचे, उशिरा कळले तर तीन दिवसांचे, असे नियम ठरलेले होते. म्हणजे बातमी उशिरा पोहोचणार हे शास्त्रानेही गृहीत धरले होते. सोयरसुतक मानावे की न मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आमच्याकडेही आता बरीच घरे ते पाळत नाहीत. पण त्या रिवाजामुळे एक गोष्ट आपोआप होत असे: कोणाला कळवायचे याची यादी घराघरात पाठ असे आणि कळवायचे राहिले तर तो अपमान समजला जाई. रिवाज गेला तो गेलाच, पण ती यादीही विस्मरणात गेली, याचे मला वाईट वाटते.

मोठ्या घटनांच्या नोंदीसाठी तर आपल्याकडे फार जुनी सोय आहे. त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि गाव सांगितले की ते नामावळीची वही काढतात आणि तिच्यात आजोबा-पणजोबांनी स्वहस्ते, कधी मोडीत, लिहून ठेवलेली घरातली नावे समोर येतात. पुढे अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. पिढीवार वंशावळ, जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्ता, सगळे त्यांत असते. हे काम चिकाटीचे आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र जुन्या कुलवृत्तांतांत घरातली मुलगी लग्नापर्यंतच भेटते. अमुक गावच्या अमुकांस दिली, इथे तिची ओळ संपते. तिची मुले, तिचे काम, तिचे आजारपण, काहीच नाही. आमच्या घराण्याच्या हस्तलिखित वंशावळीतही तेच आहे. म्हणून पत्र सुरू करताना मी पहिली अट घातली ती ही की माहेरवाशिणी आणि त्यांची मुलेबाळे यांचा मजकूर त्यात इतर कोणाहीइतकाच येईल. नणंदांना याचा झालेला आनंद मी पाहिला आहे. इंदूरच्या वन्सं सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या नातवाच्या तबल्याच्या पहिल्या बैठकीची बातमी माहेरच्या पत्रात छापून आली तेव्हा त्यांनी फोन केला आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना.

पत्र सुरू झाले २०२० च्या टाळेबंदीत. त्या वर्षी अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती आणि आमच्या घरातली दोन वडीलधारी माणसे त्याच काळात गेली. एकाची बातमी ग्रुपवर आली ती कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली. तिच्या खाली हात जोडलेली चित्रे, त्यांच्यात मिसळून केकसाठीचे ‘अभिनंदन’, मग कोणीतरी पुढे ढकललेला काढ्याचा उपाय, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी इतकी वर सरकली की डोंबिवलीच्या काकूंना ती दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळली. यात कोणाचाही दोष नव्हता. सगळे हळहळत होते आणि जो तो आपल्या परीने व्यक्त होत होता. पण जिथे सगळे सगळ्यांना एकाच वेळी सांगतात, तिथे कोणी कोणाला उद्देशून काही सांगत नाही, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले. तेव्हापासून आमच्याकडे मृत्यूची बातमी आधी फोनवर, आवाजाने सांगायची असा नियम आहे. कोणी कोणाला सांगायचे हे ठरलेले आहे, एकट्या राहणाऱ्या माणसाला फोन करण्यापूर्वी शेजारी कोणी आहे का ते पाहायचे, आणि ग्रुपवर लिहायचे ते सगळ्यात शेवटी.

ग्रुप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मेलबर्नच्या पुतण्याच्या मुलीचे बारसे आम्ही सगळ्यांनी ग्रुपमुळेच पाहिले, पाळण्याची दोरीसुद्धा दिसली. रक्ताची गरज असते, गाडी चुकलेली असते, तेव्हा ग्रुपसारखा आधार नाही. परंतु ग्रुपवर बातमी टाकताना माणूस नकळत ती निवडतो. लग्न ठरले, घर घेतले, पदवी मिळाली, असे काही असेल तरच लिहायचे आणि एरवी फक्त सुप्रभात. मधले सगळे आयुष्य ‘यात काय सांगायचे’ म्हणून गाळले जाते. त्यामुळे होते असे की पाच वर्षांनी भेटलेल्या चुलत भावंडांना एकमेकांच्या सगळ्या मोठ्या घटना माहीत असतात, पण बोलायला विषय नसतो.

एक उदाहरण सांगते. डॅलसच्या पुतणीने एका अंकासाठी चार ओळी पाठवल्या होत्या: कढीपत्त्याचे रोप थंडीत घरात घ्यावे लागते, खिडकीजवळ ठेवले तरी पाने गळतात, आणि ऑफिसातून आल्यावर ती आधी त्या कुंडीकडे जाते. तिला स्वतःला ते लिहिण्याजोगे वाटले नव्हते, मीच मागून घेतले. अंक पोहोचला आणि बेळगावच्या काकूंनी तिला फोन लावला. काकूंनी तिला शेवटचे पाहिले होते ती परकरात. थंडीच्या दिवसांत डॅलसची वेळ आपल्या मागे साडेअकरा तास, म्हणजे काकूंची सकाळ ती तिची आदली संध्याकाळ, हा हिशेब त्यांनी नातवाकडून करून घेतला. आंबट ताक पाण्यात कालवून महिन्यातून एकदा घाल, शेंडा खुड, रोज पाणी ओतू नकोस, एवढे सांगायला केलेला तो फोन. पुढे ते दर पंधरवड्याचे बोलणे झाले. नंतर पुतणीच्या आईचे, म्हणजे माझ्या ठाण्याच्या जाऊबाईंचे, गुडघ्याचे ऑपरेशन निघाले आणि तिला लगेच सुटी मिळेना, तेव्हा तिने पहिला फोन काकूंना केला. काकूंचा मुलगा ठाण्यातच असतो. तो आणि त्याची बायको आळीपाळीने रात्री रुग्णालयात राहिली. या दोन घरांचा त्यापूर्वी लग्नपत्रिकांपलीकडे संबंध नव्हता. पत्र कशाला, याचे माझे उत्तर हेच आहे. ज्याच्या कढीपत्त्याची आपल्याला खबर असते, त्याच्याकडे अडचणीत हक्काने मागता येते. नुसत्या लग्नाच्या पत्रिकेवर तो हक्क उभा राहत नाही.

असा मजकूर मिळवणे हेच या कामातले खरे कष्ट. ‘काय नवीन?’ असे विचारले की जगभरातून एकच उत्तर येते, ‘विशेष काही नाही.’ म्हणून मी तसे विचारतच नाही. रविवारी वही घेऊन फोनला बसते आणि नेमके विचारते: सध्या सकाळी लवकर कोण उठते आणि का? घरात कोणती वस्तू मोडली आणि कोणी दुरुस्त केली? या महिन्यात पहिल्यांदा कोणता पदार्थ केलात? आईला कोणत्या खुर्चीत बसायला आवडते? असे विचारले की माणसे बोलू लागतात. बडोद्याच्या भाऊजींनी तर ‘काहीच नाही हो वहिनी’ असे म्हणत म्हणत गच्चीवरच्या दोडक्याच्या वेलाची इतकी हकिकत सांगितली, मांडव कसा बांधला, पहिली फुले कशी गळली, शेजारच्या घरी पहिला दोडका का दिला, की पाऊण पान त्यावरच गेले. मी त्यांची वाक्ये शक्यतो तशीच ठेवते, त्यात मध्येच येणारा गुजराती शब्दही काढत नाही, कारण वाचताना त्यांचा आवाज ऐकू यायला हवा.

प्रत्येक घरातून एक बातमीदार ठरवलेला आहे आणि जिथे शक्य आहे तिथे तो शाळकरी मूल आहे. मोठी माणसे कर्तबगारी सांगतात, मुले घरात काय चालले आहे ते सांगतात.

काही गोष्टी आम्ही छापत नाही आणि याबाबत मी कोणाची भीड धरत नाही. परीक्षेचे टक्के नाहीत, पगार आणि गाडीची किंमत नाही. ‘तो पास झाला, आता त्याला पोहायला शिकायचे आहे’ एवढे पुरते. चुलत भावंडांना एकमेकांच्या तुलनेत वाढवण्याचे काम पुष्कळ लोक करतात, पत्राने ते करू नये. ज्याची बातमी असेल त्याच्या होकाराशिवाय ती येत नाही. दिवस राहिल्याची बातमी तिसरा महिना उलटल्यावर आणि तीही त्या मुलीने स्वतः सांगितली तरच. आजारपण, नोकरी जाणे, संसार मोडणे हे झाकून ठेवावे असे मला मुळीच वाटत नाही, उलट अशा वेळी घरचे लोक जवळ हवेत. पण ते कधी, किती आणि कोणाला सांगायचे हे त्या माणसाने ठरवायचे. घर बंद ठेवून कोण कुठे जाणार आहे, हे परत आल्यावरच लिहितो.

साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, मुंज, साखरपुडा, हे सगळे अर्थातच येते. तिथेही मी समारंभाच्या वर्णनाऐवजी एखादी गोष्ट विचारून घेते. गावच्या भाऊजींच्या साठीशांतीला आलेल्या पाहुण्यांची यादी आम्ही दिली नाही. त्यांनी त्या दिवशी सकाळी, पूजेला बसण्यापूर्वी, पोफळीला पाणी लावून घेतले, ते दिले.

भाषेचा प्रश्न खरा आहे. मेलबर्नच्या आणि डॅलसच्या मुलांना मराठी समजते, बोलता येते, देवनागरी वाचता मात्र येत नाही. डोळ्यांनी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांची अडचण वेगळी, पण उपाय तोच. पूर्ण अंक मी मोठ्याने वाचते, त्याचे ध्वनिमुद्रण करते आणि पत्रासोबत पाठवते. ठाण्याचा एक नातू आता त्यातला मुलांचा मजकूर वाचतो. ज्यांना मोबाइलवर वाचणे जमत नाही अशा घरांना छापील प्रत टपालाने जाते. खर्च वर्गणीतून भागतो आणि तो फार नाही.

माझ्यानंतर हे कोण करणार, असाही प्रश्न येतो. पानांची जुळणी दुबईचा भाचा आजही करतोच, त्यामुळे ती बाजू सुरक्षित आहे. फोन करून विचारण्याचे काम धाकट्या जाऊबाईंची सून शिकते आहे. ती माझ्याजवळ बसून ऐकते, मध्येच एखादा प्रश्न मला लिहून दाखवते, आणि तिचे प्रश्न पुष्कळदा माझ्याहून चांगले असतात. दिवाळीच्या अंकाचे निम्मे फोन या वेळी तिने करायचे ठरले आहे. तिने इंदूरपासून सुरुवात केली आहे.