मराठी पानांसाठी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर सोर्समधून बांधणं: माझा अनुभव

माझ्या मराठी लेखांच्या साइटवर चित्रं फारशी नाहीत, नुसता मजकूर. तरी पानं जड. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगवेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' या एका शब्दाला ३० बाइट! पानं दाबून लहान करून पाठवणारं जीझिप चालूच होतं, पण मला त्याच कामाचं ब्रॉटली हवं होतं. गूगलमध्ये तयार झालेल्या या पद्धतीत नेहमीच्या शब्दांचा कोश आधीच भरलेला असतो. त्यात हिंदी शब्दही आहेत. लिपी एकच, त्यामुळे आपल्यालाही थोडं घबाड मिळतं.

एन्जिनएक्समध्ये मुळात ब्रॉटली नाही, ते बाहेरचं मोड्यूल, म्हणजे जोडायचा भाग. माझ्या जुन्या उबुंटू लिनक्सच्या तयार पॅकेजांत ते नव्हतं. म्हणून सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला आणि डिजिटल सही तपासून उघडला. मोड्यूल गिटने घ्यावं लागतं, तेही सबमोड्यूलसकट, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या प्रकल्पांसह. गिटहबवरची झिप घेतली तर ब्रॉटलीच्या मूळ लायब्ररीची फोल्डर रिकामी येते. ती लायब्ररी आधी सीमेक या साधनाने बांधून, म्हणजे कंपाइल करून ठेवली.

मग कॉन्फिगर, म्हणजे काय काय घालून बांधायचं ते ठरवणारी स्क्रिप्ट. खरं काम इथेच असतं, प्रत्यक्ष बांधणारी मेक कमांड म्हणजे नुसती वाट पाहणं. पहिल्याच फेरीत स्क्रिप्ट थांबली: पत्ते बदलणाऱ्या रीराइट मोड्यूलला पीसीआरई ही मजकुरातले नमुने शोधणारी लायब्ररी लागते म्हणे. लायब्ररी तर सिस्टिमवर होती! पण कंपाइल करायला तिच्या हेडर फाइली लागतात, आणि उबुंटूत त्या 'डेव्ह' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. पीसीआरई-२ (पीसीआरईची नवी आवृत्ती), ओपनएसएसएल (एचटीटीपीएससाठी) आणि झेडलिब (जीझिपसाठी) या तिघांची डेव्ह पॅकेजं एकदम टाकलेली बरी, नाहीतर स्क्रिप्ट एकेका नावावर अडून बसते.

कॉन्फिगर संपल्यावर खाली एक सारांश छापला जातो. बरेचजण तो न वाचताच मेक मारतात. तिथे ओपनएसएसएल 'वापरलेलं नाही' असं दिसलं, तर तुमच्या सर्व्हरला एचटीटीपीएस येणार नाही. एसएसएल मोड्यूल आपोआप येत नाही, एचटीटीपीची नवी आवृत्ती एचटीटीपी-२ सुद्धा नाही. दोन्ही पर्याय स्वतः द्यावे लागतात. जुन्या पॅकेजवाल्या एन्जिनएक्सला मोठ्या 'व्ही'चा पर्याय दिला की तो कोणत्या पर्यायांनी बांधलाय ते सगळं सांगतो. ती ओळ समोर ठेवून मी माझी यादी केली आणि नको ते गाळलं. मेल प्रॉक्सी मला कशाला?

फाइली कुठे ठेवायच्या यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मी मूळचीच जागा, म्हणजे यूएसआर-लोकलखालची एन्जिनएक्सची फोल्डर, तशीच ठेवली. पॅकेजच्या जागेवर आपली फाइल बसवली की उबुंटूची पॅकेजं सांभाळणाऱ्या ऍप्टच्या पुढच्या अपग्रेडला ती गेलीच समजा.

मेक चहाला आधण येईपर्यंत उरकलं. सुरू करण्याआधी जुना सर्व्हर बंद करणं आलंच, ८० नंबरचा पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. सर्व्हर आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची युनिट फाइलही आपली आपणच लिहायची, फाइली जागेवर बसवणारी मेक इन्स्टॉल कमांड ती देत नाही.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो तपासणीने. ब्राउझरमध्ये साध्या एचटीटीपीवर पान उघडलं तर उत्तर जीझिपमध्येच येत होतं. कॉन्फिगरेशन बरोबर, मोड्यूल आत, तरीही. शेवटी ब्राउझर काय मागतोय ते पाहिलं. ब्राउझर ब्रॉटली मागतात ते फक्त एचटीटीपीएसवर. सर्टिफिकेट लावलं आणि उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या ओळींत, ब्रॉटलीची खूण असलेली 'बीआर' ही दोन अक्षरं आली. कर्ल या कमांडने ब्रॉटली मागणारं हेडर हाताने देऊन तपासलं असतं तर साध्या एचटीटीपीवरही दिसली असती.

आता सुरक्षेची दुरुस्ती आली की ऍप्ट मला वाचवत नाही. नव्या आवृत्तीची घोषणा मीच पाहायची, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. हे ज्याला जमणार नसेल त्याने पॅकेजच वापरावं, जीझिप काही वाईट नाही. एक सोय मात्र छान आहे. मेक इन्स्टॉल तुमची कॉन्फिगरेशन फाइल पुसत नाही आणि जुनी बायनरी, म्हणजे बांधलेला प्रोग्रॅम, 'ओल्ड' नावाने बाजूला ठेवतं. नंतर मेक अपग्रेड दिलं की जुन्या मास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेसला यूएसआर-२ नावाचा सिग्नल जातो, नवा मास्टर उभा राहतो आणि जुना हातातल्या विनंत्या पुऱ्या करून बाहेर पडतो. साइट बंद होत नाही. 'ओल्ड' फाइल मी पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच ठेवतो.