टेक्ससमधलं सापाचं कातडं आणि अथणीची बाभूळ

घरच्या ग्रुपवर सापाच्या कातड्याचा फोटो टाकला आणि खानापूरहून आईचा लगेच फोन. "काय करायलीस गं तिथं? नागपंचमीला वारुळाला लाह्या वाहणारी पोरगी तू!" तिची घालमेल मला कळते, म्हणून सगळं नीट लिहिते.

टेक्ससच्या आमच्या भागात रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप, थेट अंगणात येतो. शिकारीचा परवाना असेल तर त्याला मारायला इथं बंदी नाही. स्वीटवॉटर गावात 1958 पासून मार्चमध्ये या सापांची जत्राच भरते, तिथं ते पकडून आणतात आणि सोलतात. मला ते बघवणार नाही. पण शेजारच्या आजोबांनी गोठ्यात मारावा लागलेला साप फेकला नाही, कातडं राखलं. ते मी शेजारी बसून शिकले.

आधी मुंडकं छाटून खोल पुरायचं. धडावेगळं झालेलं डोकंही काही तास चावू शकतं. 2018 साली टेक्ससमध्येच एक माणूस अशा चाव्यानं मरता मरता वाचला. मग पोटाच्या रुंद खवल्यांवरून सरळ कात्री चालवायची, कातडं मोज्यासारखं मागं ओढायचं आणि आतला मांसाचा पापुद्रा बोथट चमच्यानं खरवडायचा. सगळा जीव या खरवडण्यात आहे. मांस राहिलं तर कुजतं, जोर लागला तर कातडं फाटतं. नंतर ग्लिसरीन आणि रबिंग अल्कोहोल (जखम पुसायचं स्पिरिट) समसमान घेऊन बरणीत काही दिवस बुडवायचं, रोज हलवायचं. अल्कोहोल पाणी ओढून घेतं, कुजू देत नाही. ग्लिसरीन आत मुरून मऊपणा राखतं. शेवटी फळीवर टाचण्या मारून सावलीत वाळवायचं. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं की गुळगुळीत, उलट फिरवलं की खवल्याची कड न् कड लागते.

आजोबा याला कातडं कमावणं म्हणतात. मला ते पटत नाही. हे टिकवणं झालं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, खानापूरच्या पावसात हे कातडं चिकट होईल. कमावणं म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीकडचं: चुन्यात केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवून टांगायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्याच्या तंतूंना कायमचं धरून बसतं. त्याच कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, त्यांत बेळगाव. सीमेवर एरवी किती भांडतो आपण, आणि इथं कागदावर दोन्हीकडची नावं शेजारी शेजारी आहेत. मला याचा फार अभिमान वाटतो.

चुलतभावानं विचारलंय, उसात मेलेली धामण सापडली तर हे करू का? नको रे दादा, अजिबात नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याला 2022 मध्ये दुरुस्ती झाली. धामण, नाग, घोणस आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. मेलेला वन्यप्राणीही सरकारचाच, वनखात्याला कळवायचं. आणि जिवंत असेल तर राहू दे तिला उसात, उंदीर तीच खाते.

हात शिवशिवत असतील तर खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आण आणि अथणीत जाऊन विचार, सालीला हिरडा किती घालतात ते. मलाही कळव, इथं बाभळीची सालही शोधतेय मी.