एक पैलू, नऊ मिनिटं

उजव्या मागच्या टायरवर आतून बाहेर हात फिरवला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला की प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना करवतीसारखी लागते. टायर टो-आऊटमध्ये, म्हणजे चाकाची पुढची कड बाहेर वळलेल्या स्थितीत, घासत चाललंय हे गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवण्याआधीच कळतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांची ही वीसेक वर्षं जुनी सेडान. वर्षात तीनदा पुढचं अलाइनमेंट करून झालं होतं, तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग उजवीकडे कललेलंच. पुढच्या चाकांचा काही दोष नव्हता.

चारही चाकं मोजली. मागचं डावं: टो-इन 8 मिनिटं, कॅम्बर उणे 45. मागचं उजवं: टो-आऊट 32 मिनिटं, कॅम्बर अधिक 20. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. कॅम्बर म्हणजे उभ्या रेषेपासून चाकाचा कल; उणे म्हणजे चाकाची वरची कड आत. डावं चाक आत बघतंय म्हणजे उजवीकडे, आणि उजवं बाहेर बघतंय म्हणजे तेही उजवीकडेच. सरासरी 20 मिनिटं. गाडीची शेपूट उजवीकडे सरकते, नाक डावीकडे वळतं आणि चालवणारा नकळत स्टेअरिंग उजवीकडे धरून बसतो. अशा गाडीचं फक्त पुढचं अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे आणि टायर दोन्ही घालवणं.

या गाडीला मागे दर बाजूला दोन समांतर आडव्या लिंक (चाक गाडीला जोडणारे दांडे), चाक पुढे-मागे धरणारा एक ट्रेलिंग रॉड आणि वर स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा खांब. जुन्या कुठल्यातरी धडकेत क्रॉसमेंबरवरचे (लिंक जिला जोडतात त्या आडव्या तुळईवरचे) उजवे ब्रॅकेट आत दबले होते, मागच्या लिंकचं जास्त. टो जुळवायचा कॅम बोल्ट कोणीतरी टोकापर्यंत फिरवून ठेवलेला, तरी टो-आऊट संपत नव्हता. कॅम्बरला तर त्याचा उपयोगच नाही. कॅम मधोमध आणला. वरचे आकडे त्यानंतरचे.

सरळ उपाय म्हणजे नवा क्रॉसमेंबर. तो मिळेना. ब्रॅकेट एकदा खेचून सरळ केल्याच्या खुणा दिसत होत्या, आणि तोच पत्रा पुन्हा वाकवला की घडीवर चीर जाते. तारेच्या ब्रशने रंग काढून पाहिलं: चीर नाही, बोल्टची भोकं लांबट नाहीत. तेव्हाच लांबी बदलता येणाऱ्या लिंक बनवायचं ठरलं. चीर दिसली असती तर काम परत पाठवलं असतं.

काकांच्या भाच्याने रॉड एंड, म्हणजे धातूच्या गोलकाचे सांधे, मागवायचं सुचवलं. शर्यतीच्या गाडीला ठीक आहे. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडा गोलक चिखल खातो, काही महिन्यांत खडखडायला लागतो आणि प्रत्येक खड्डा थेट बॉडीत पोचवतो. म्हणून दोन्ही टोकांना रबरी बुश, आणि लांबी बदलायची सोय मधल्या स्लीव्हमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या नळीत.

हिशेब असा. लिंकच्या बाहेरच्या बोल्टपासून स्ट्रटच्या वरच्या माउंटपर्यंत 560 मिमी, म्हणजे दोन्ही लिंक 1 मिमी वाढवल्या की चाकाचा तळ बाहेर जाऊन कॅम्बर सुमारे 6 मिनिटं उणे होतो. डाव्या चाकाशी जुळायला हवा होता 65 मिनिटांचा फरक, म्हणजे साधारण साडेदहा मिमी. दोन लिंकच्या बाहेरच्या बोल्टमधलं अंतर 190, म्हणून मागची लिंक पुढचीपेक्षा 1 मिमी लांब केली की टो 18 मिनिटांनी आत येतो. 40 मिनिटांसाठी सव्वादोन मिमी. मूळ लांबी बोल्ट ते बोल्ट 365, पुढची 374.5, मागची 376.7 वर बेंचवरच बांधून ठेवायची, उरलेलं मशीनवर.

स्लीव्ह 27 मिमी षट्कोनी बारची, 220 लांब, आरपार 14.5 चं भोक. एका टोकाला एम16 बाय 1.5 चे (16 मिमी व्यास, दर फेऱ्याला 1.5 मिमी) सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, दोन्हीकडे 50 मिमी खोल. उलट्या आट्यांचा टॅप हाताशी नव्हता, ते लेथवरच काढले. स्लीव्ह जागेवर जखडणारे त्या बाजूचे चेक नटही तिथेच केले. टोकापासून 25 मिमीवर 3 मिमीचं आडवं भोक हवंच. त्यात तार घालायची: तार स्टडला (स्लीव्हमध्ये शिरणाऱ्या आट्यांच्या दांडीला) अडली तर पकड पुरेशी, आरपार गेली तर स्टड कमी आत आहे, गाडी हलवायची नाही. हे भोक टाळणारे पुष्कळ बघितलेत.

मकरपुरा जीआयडीसीतल्या लेथवाल्याने आदल्या संध्याकाळी स्टड आणि बुश बसायचे गोल डोळे वेल्ड करून ठेवले होते. सकाळी सेट हातात घेतला तर काम देखणं. वेल्डची एकसारखी टीप, हातोडी मारली की घणघणीत आवाज. तरी चिरा दाखवणारा रंग, म्हणजे डाय, मारून बघायचं होतं. टीप सॉल्व्हंटने पुसली, लाल डाय लावला, दहा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभर काही नाही. मग दुसऱ्या स्टडवर, टिपेच्या अगदी कडेला, केसाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता स्टडच्या एक तृतीयांश घेरापर्यंत पसरली.

"चालशे, भाई," तो म्हणाला. "वरवरची आहे, ग्राइंड करून पुन्हा मारू."

"बार कुठला घेतला?"

"ईएन 8. तुमच्यासाठी खास मजबूत."

चूक तिथेच होती. ईएन 8 या पोलादात कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास. थंड बारवर साध्या 6013 रॉडने वेल्ड केलं की टिपेशेजारचा भाग झपाट्याने गार होऊन काचेसारखा कडक होतो, रॉडच्या आवरणातल्या ओलाव्याचा हायड्रोजन त्यात अडकतो, आणि चीर काही तासांनी पडते. म्हणून संध्याकाळी तपासलं असतं तर कदाचित दिसलीही नसती. हा बार वापरायचाच तर 150 ते 200 अंशांपर्यंत तापवून, भट्टीत सुकवलेल्या 7018 रॉडने, आणि नंतर राखेत हळू गार करून. मुळात त्या मजबुतीची गरजच नव्हती. एम16 च्या या आट्यांत भार पेलायला साधारण 167 चौरस मिमी पोलाद धरतात. साधं माइल्ड स्टीलही सव्वाचार टनांपर्यंत ताण सोसतं आणि मग वाकायला लागतं. लिंक वाकली तर गाडी वाकडी चालते, कळतं. तुटली तर चाक आत जातं.

चारही स्टड माइल्ड स्टीलमध्ये नव्याने केले. स्लीव्हला वेल्ड नाही, त्या ईएन 8 च्याच ठेवल्या. स्टडचं टोक डोळ्याच्या गोलाईत बसेल असं कापून चहूबाजूंनी टीप. डोळ्याचं भोक वेल्डनंतर बोअर केलं. आधी केलं तर उष्णतेने अंडाकृती होतं. बुशचा बाहेरचा व्यास 34.1, भोक 34.0, प्रेसने बसवला. पुन्हा डाय, या वेळी सगळं पांढरं.

बसवायला तासभर. जुने बोल्ट गंजून बुशच्या नळीत धरले होते, दोन कापावे लागले. नवे एम12, 8.8 ग्रेडचे. चाक पूर्ण लोंबकळत आणि पूर्ण वर उचलून, दोन्ही स्थितींत हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा होज स्लीव्हच्या कोपऱ्याला लागत नाही ना, हे बघितलं. केबल लागत होती. क्लिप दोन बोटं पुढे सरकवली.

मशीनवर पहिलं रीडिंग चक्रावणारं. टो जवळपास जुळलेला, पण कॅम्बर उणे 31 वर अडकलेला, आणि चाकाच्या कमानीपाशी उजवी बाजू 9 मिमी उंच. गॅरेजमधल्या पोराने गाडी जॅकवर असतानाच बुशचे बोल्ट आवळले होते. लोंबत्या स्थितीत आवळलं की रबर त्याच कोनात धरतं, गाडी खाली आली की पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं गाडीला वर रेटतं. असं चालवलं तर रबरही लवकर फाटतं. बोल्ट ढिले केले, गाडी पुढे-मागे दोन मीटर ढकलली, डिकी दाबून झोके दिले, आणि चाकांवर उभ्या गाडीतच खाली शिरून 85 न्यूटन-मीटरला आवळले. उंचीतला फरक गेला.

मग फक्त पाना आणि मशीनचा पडदा. स्लीव्हचा एक फेरा 3 मिमी, कारण दोन्ही टोकं एकदम सरकतात. षट्कोनाचा एक पैलू अर्धा मिमी. एकट्या मागच्या लिंकचा पैलू म्हणजे टो 9 मिनिटं. दोन्ही लिंक एकेक पैलू फिरवल्या तर टो जागेवर, कॅम्बर 3 मिनिटं. चेक नट आवळताना स्लीव्हवर दुसरा पाना धरायचा, नाहीतर बुश तिरपे होतात. शेवटचे आकडे: कॅम्बर उणे 43, टो-इन 9. नटवरून स्लीव्हपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारली आणि बिलावर लिहून दिलं: लिंक मूळ नाहीत, 500 किलोमीटरला तपासणे.

काका हालोलला दोनदा जाऊन आले आणि तपासायला आले. पिवळ्या रेघा जुळलेल्या, स्टेअरिंग सरळ. टो 9 चा 7 झाला होता, नवे बुश बसतात तेवढा. एका पैलूत 9 मिनिटं जातात, म्हणून दोनासाठी पाना लावला नाही.